पिकअपच्या केबिनवर दिवे स्वतः बसवताना

आंबिया बहाराची संत्री निघू लागली, की दिवसभर तोडलेला माल संध्याकाळी बागेतून भरायचा आणि पहाटेच्या आत नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात पोहोचवायचा, असा आमच्या वरुड-मोर्शी भागातला क्रम आहे. अशाच एका रात्री माझ्या पिकअपच्या समोरच्या दोन दिव्यांपैकी उजवीकडचा दिवा वाटेतच गेला. समोरून एक म्हातारे काका रिकामी बैलबंडी घेऊन गावाकडे येत होते. ते बंडी थेट रस्त्याच्या मधोमध घेऊन आले आणि मी जेमतेम ब्रेक लावून गाडी थांबवली. काका घाबरले होते. ते म्हणाले, "भाऊ, तुया गाडीचा येक लाइट बंद होता न, मले त फटफटीच वाटली." त्यांची काहीच चूक नव्हती. अंधारात एकच दिवा दिसला, तर माणूस समोर मोटारसायकल आहे असेच समजणार आणि तेवढीच जागा सोडणार. गाडी किती रुंद आहे आणि किती उंच आहे, हे समोरच्याला कळावे म्हणून केबिनच्या वर कोपऱ्यांत लहान दिवे असावेत, हे त्या रात्री मला पटले. पुढच्या महिन्यात मी ते घरच्या अंगणात स्वतः बसवले. त्या कामातून आणि त्याआधी जुन्या गाडीवर झालेल्या एका चुकीतून जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवतीच आहे. या कामात दिवा पेटवणे हा सोपा भाग आहे. केबिनच्या चांगल्या पत्र्याला आपण स्वतःहून छिद्र पाडतो आणि त्या छिद्रातून पुढची दहा वर्षे पाण्याचा एक थेंबही आत येऊ द्यायचा नसतो, हा खरा अवघड भाग आहे. त्यामुळे या लेखात विजेपेक्षा पाण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

कोणते दिवे, किती आणि कोणत्या रंगाचे

केबिनवर एका ओळीत पाच पिवळसर दिवे लावण्याची पद्धत मूळची अमेरिकेची आहे. तिथे ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर, किंवा त्याहून रुंद गाड्यांना हे दिवे कायद्यानेच लागतात. टोकाचे दोन दिवे गाडीची रुंदी दाखवतात आणि मधले तीन, एकमेकांपासून ६ ते १२ इंचांवर बसवलेले, ही मोठी गाडी आहे एवढे दुरूनच सांगतात. आपल्याकडचा नियम वेगळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे २.१ मीटरपेक्षा जास्त रुंदीच्या मालवाहू गाडीला वरच्या दोन्ही कोपऱ्यांत समोरच्या बाजूला पांढरे आणि मागच्या बाजूला लाल दिवे असावे लागतात. आपल्या नेहमीच्या पिकअपची रुंदी दोन मीटरच्या आतच असते, म्हणून तिला हे दिवे सक्तीचे नाहीत. तरीही स्वतःहून लावायचे, तर रंग नियमातलाच ठेवावा, कारण आपल्या रस्त्यांवरच्या माणसांच्या डोळ्यांना वर दोन पांढरे ठिपके म्हणजे मालाची मोठी गाडी, ही खूण ओळखीची आहे. समोरच्या बाजूला लाल किंवा निळा दिवा अजिबात लावू नये. लुकलुकणारे दिवेही लावू नयेत.

बाजारात पिकअपसाठी पाच दिव्यांचा संच सर्रास मिळतो आणि दिसायला तो छान दिसतो. माझे मत मात्र दोनच दिव्यांच्या बाजूने आहे. प्रत्येक दिवा म्हणजे पत्र्याला वायरसाठी एक छिद्र आणि स्क्रूसाठी आणखी दोन. पाच दिव्यांची पंधरा छिद्रे होतात आणि दोन दिव्यांची सहा. रुंदी आणि उंची दाखवायचे काम दोन दिवे पूर्ण करतात. ज्यांना पाचच हवेत, त्यांनी खालची सगळी कृती तशीच करावी, फक्त मधल्या तीन दिव्यांचे अंतर मोजताना अधिक काळजी घ्यावी.

इथे आणखी एक फरक स्पष्ट करतो. मी लिहितो आहे ते मंद, ओळख देणाऱ्या दिव्यांबद्दल. केबिनवर लांब पट्टीचे प्रखर एलईडी किंवा फोकस लावण्याची जी हौस वाढली आहे, ती निराळी आणि धोक्याची गोष्ट आहे. समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला त्याच नियमांत मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. अरुंद रस्त्यावर तो झोत समोरच्याच्या डोळ्यांत गेला, की त्याला रस्त्याची कडही दिसत नाही आणि आपली गाडीही दिसत नाही. आपण दिवे लावतो आहोत ते दुसऱ्याला दिसावे म्हणून. त्याला आंधळे करून ते साधणार नाही. लहान दिवे लावण्याआधीही आपल्या आरटीओ कार्यालयात एकदा विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला कळवून ठेवावे.

दिवे घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्होल्टेज. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते, पण दुकानात ट्रकचे २४ व्होल्टचे दिवेही त्याच पेटीत ठेवलेले असतात. दुसरी, पाणी आणि धूळ न शिरण्याची खूण. आयपी ६७ असे लिहिलेला दिवा पूर्ण धूळबंद असतो आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही. तिसरी, उंची. दिवा जितका बसका, तितका चांगला. आमच्या पांदण रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या बाभळी केबिनवर वाकलेल्या असतात आणि उभट दिवा पहिल्याच महिन्यात फांदीत अडकून मुळासकट उपटला जातो. मी घेतलेले दिवे टपापासून दोन बोटांपेक्षा कमी उंचीचे आहेत.

ज्यांच्या गाडीच्या केबिनवर लोखंडी करिअर आहे, त्यांनी छिद्रे पाडूच नयेत. करिअरच्या पुढच्या पट्टीवर क्लॅम्पने दिवे बसवावेत आणि वायर करिअरच्या पायाजवळून दरवाजाच्या रबराखालून आत घ्यावी. पत्रा शाबूत राहतो. फक्त ताडपत्रीचा दोर दिव्यावरून जात नाही ना, हे पाहून जागा ठरवावी.

काम केव्हा काढावे आणि काय जमवावे

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात उभ्या गाडीच्या टपाला हात लावला तर चटका बसतो, मास्किंग टेप सुटते आणि फटी बुजवायचे सीलंट लावता लावताच त्याच्यावर साय धरते. म्हणून हे काम हिवाळ्यात, कापसाच्या वाहतुकीची घाई नसलेल्या एखाद्या दिवशी करावे. उन्हाळ्यातच करायची वेळ आली, तर पहाटे सुरू करून दहाच्या आत छिद्रे आणि सीलंटचे काम संपवावे आणि गाडी निंबाच्या सावलीत ठेवावी. काहीही झाले तरी मृगाच्या तोंडावर हे काम काढू नये.

एकट्याने न करता सोबत एक माणूस घ्यावा. लागणारे सामान असे: ड्रिल मशीन, ३ मिलिमीटरचा बिट आणि पायऱ्यांचा (टप्प्याटप्प्याने रुंद होत जाणारा) बिट, पंच, बारीक गोल कानस, मास्किंग टेप, मापाची पट्टी, टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर, वायर सोलण्याची आणि थिंबल (वायरच्या टोकाला किंवा जोडाला बसणारे धातूचे टोपण) दाबण्याची पक्कड, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी, छिद्राच्या मापाचे रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून छिद्रात बसणारे कडे), स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, गंजरोधक प्रायमर आणि गाडीच्या रंगाची छोटी डबी. विजेच्या बाजूने १२ व्होल्टचा चार किंवा पाच पायांचा रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मुख्य वीज चालू-बंद करणारा स्विच), दोन फ्यूज होल्डर, अर्थिंगसाठी गोल थिंबल आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची अनेक तारांची ऑटो वायर. घरच्या फिटिंगची जाड एकतारी वायर उरलेली असली, तरी ती गाडीत वापरू नये. ती सतत हादरे खाऊन आतल्या आत तुटते आणि वरून कळतही नाही.

सीलंटबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी चूक इथेच झाली होती. जुन्या गाडीवर दिवे बसवताना मी हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीच्या काचांना लावतात ते साधे सिलिकॉन आणले. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो. सिलिकॉन सुकताना ते आम्ल बाहेर सोडते आणि उघड्या लोखंडाला ते लागले, की गंज धरतो. पहिल्या पावसाळ्यात सगळे ठीक होते. दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या दिव्याच्या बैठकीभोवती तांबूस कडे दिसू लागले आणि एका सकाळी डॅशबोर्डवर ठेवलेली बाजार समितीची पावती ओली झालेली सापडली. दिवा काढून पाहिला, तर छिद्राची कड पापडासारखी पोपडे धरून सुटत होती आणि ३ मिलिमीटरचे स्क्रूचे छिद्र करंगळीएवढे झाले होते. तो पत्रा शेवटी कापून जोडावा लागला. तेव्हा ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेले सिलिकॉन घ्यावे किंवा गाडीच्या काचा बसवायला वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि आंबट वासाचे असेल तर परत करावे.

लाइनिंग उतरवणे आणि जागा ठरवणे

सर्वांत आधी बॅटरीची ऋण तार, म्हणजे काळी, काढावी. काम संपल्यावर तीच सर्वांत शेवटी जोडावी. उलट क्रमाने केले आणि पान्हा चुकून बॉडीला लागला, तर मोठी ठिणगी पडते.

मग केबिनच्या आत बसून वरचे लाइनिंग, म्हणजे टपाचे आतले अस्तर, उतरवावे. सन व्हायझरचे स्क्रू, हाताला धरायची कडी, आतला दिवा आणि कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा एवढे काढले, की बहुतेक पिकअपचे लाइनिंग पुढच्या बाजूने खाली वाकते. ते पूर्ण बाहेर काढायची गरज नसते. क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात आणि हिसका दिला की तुटतात, म्हणून पेचकसाच्या टोकाला चिंधी गुंडाळून एकेक हळूच उचकावी. आता टॉर्च लावून पत्र्याची आतली बाजू नीट पाहावी. आडव्या मजबुतीच्या पट्ट्या कुठे आहेत, आतल्या दिव्याची वायर कुठून गेली आहे आणि पत्र्याचे दोन थर कुठे जोडलेले आहेत, याचा कागदावर ढोबळ नकाशा काढावा. छिद्र एकेरी पत्र्यावर आले पाहिजे. दोन थरांच्या मध्ये छिद्र पाडले, तर पाणी त्या फटीत जाऊन बसते आणि मग कुठल्याही सीलंटने काम होत नाही. ज्या गाड्यांना बाजूच्या खांबांत किंवा छपराच्या कडेला एअरबॅग आहेत, त्यांनी त्या भागाला हात न लावता हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

बाहेरची जागा ठरवताना केबिनवर चढू नये. टपाचा पत्रा पातळ असतो आणि एका गुडघ्यानेही खड्डा पडतो. मागच्या बॉडीत उभे राहावे किंवा बाजूला शिडीचा घोडा लावावा. समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून मागे आठ-दहा सेंटिमीटरवर, जिथे टप सपाट व्हायला लागतो, तिथे मास्किंग टेपची एक आडवी पट्टी कडेपासून कडेपर्यंत लावावी. दोन्ही बाजूंच्या पन्हळींपासून समान अंतर मोजून गाडीची मध्यरेषा टेपवर आखावी आणि तिथून डावीकडे-उजवीकडे मोजत दिव्यांच्या जागा घ्याव्यात. कोपऱ्यातले दिवे रुंदी दाखवण्यासाठी असल्याने जितके बाहेर घेता येतील तितके घ्यावेत, पण टपाचा उतार जिथे तीव्र होतो त्याच्या आतच, नाहीतर दिव्याची बैठक एका बाजूने अधांतरी राहते. जागा ठरल्यावर दिवे टेपने तात्पुरते चिकटवावेत आणि पंधरा-वीस पावले समोर जाऊन पाहावे. पट्टीने बरोबर आलेली मापे डोळ्याला कधी कधी तिरकी दिसतात, कारण टपच थोडा वाकलेला असतो. जुन्या गाडीत तर हे हमखास घडते. अशा वेळी पट्टीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवून दोन-चार मिलिमीटर सरकवावे. शेवटी नकाशा घेऊन आत बसावे आणि ठरवलेली प्रत्येक जागा आतल्या पट्ट्यांपासून मोकळी आहे ना, हे पुन्हा तपासावे.

छिद्रे पाडणे

समोरची काच आणि बॉनेट जुन्या गोधडीने झाकून घ्यावे. ड्रिल करताना उडणारे लोखंडाचे बारीक तुकडे गरम असतात, रंगात रुततात आणि पहिल्याच दवात गंजून तांबूस ठिपके सोडतात. डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, कारण आपले तोंड अगदी ड्रिलच्या उंचीवर असते.

प्रत्येक खुणेवर पंचाने हलकी टिचकी मारावी, म्हणजे बिट घसरत नाही. पंच जोराने मारला तर भोवतीचा पत्रा खाली दबतो आणि त्या खोलगट जागेत नंतर पाणी साचते. आधी ३ मिलिमीटरच्या बिटने छिद्र पाडावे. बिटाच्या टोकापासून सेंटिमीटरभर अंतरावर टेपचे दोन वेढे द्यावेत, म्हणजे पत्रा पार झाल्याबरोबर बिट आत घुसून लाइनिंग किंवा वायर फाडणार नाही. आत बसलेल्या सोबत्याने त्याच वेळी लाइनिंग खाली दाबून धरावे. मग वायरचे मुख्य छिद्र पायऱ्यांच्या बिटने ग्रोमेटच्या मापाएवढे वाढवावे. साधा मोठा बिट पातळ पत्र्याला तिकोनी ओबडधोबड भोक पाडतो. पायऱ्यांच्या बिटने ते गोल येते. मशीनचा वेग कमी ठेवावा आणि दाब न देता बिटालाच काम करू द्यावे.

यानंतर घाई करू नये. गोल कानशीने प्रत्येक छिद्राची कड आतून आणि बाहेरून बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करावी. सगळा कीस लोहचुंबकाने उचलावा. फडक्याने ओढला तर रंगावर ओरखडे येतात. चुंबकाला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, तर नंतर पिशवी उलटी करून कीस एकदम काढून टाकता येतो. मग बारीक ब्रशने किंवा कानात घालायच्या कापसाच्या काडीने छिद्राच्या उघड्या कडेवर प्रायमर लावावा, तो सुकल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. स्क्रूच्या बारीक छिद्रांनाही हेच करावे. लोक हा भाग गाळतात, कारण दिवा बसल्यावर ती कड कुणालाच दिसत नाही. गंज मात्र तिथूनच सुरू होतो. याच वाळण्याच्या वेळात वायरिंगचे काम करता येते, त्यामुळे वेळ फुकट जात नाही.

वायरिंग

हे दिवे पार्किंग लाइटबरोबर पेटावेत आणि विझावेत, हीच योग्य रचना आहे, म्हणजे चालकाला वेगळे बटण लक्षात ठेवावे लागत नाही. अनेक जण पार्किंगच्या वायरलाच सरळ जोड देऊन मोकळे होतात. एलईडी दिव्यांना वीज इतकी कमी लागते की ते चालूनही जाते. दीड वॅटचे पाच दिवे धरले तरी साडेसात वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.६ अँपिअर. तरीही मी तसे करू नका असेच सांगेन. टपावरची वायर उद्या फांदीने किंवा उंदराने कुरतडून बॉडीला लागली, तर पार्किंगचा मूळ फ्यूज उडेल आणि त्याच्याबरोबर मागचे लाल दिवेही जातील. भर रात्री, मालाने भरलेल्या गाडीचे मागचे दिवे गेलेले असणे ही केबिनवर दिवे नसण्यापेक्षा कितीतरी मोठी आपत्ती आहे. म्हणून नव्या दिव्यांना बॅटरीपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज आणि मध्ये रिले द्यावा.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूजमार्गे आलेली वायर जोडावी. ८७ मधून वायर टपावरच्या दिव्यांकडे न्यावी. ८६ ला पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतलेला इशारा द्यावा आणि ८५ बॉडीला अर्थ करावा. पाच पायांच्या रिलेतला ८७ए हा पाय मोकळा ठेवून त्यावर टेप लावावी. पार्किंग चालू केले, की रिलेच्या आतली कॉइल ओढली जाते आणि ३० आणि ८७ आपसांत जोडले जातात. कॉइलला साधारण ०.१५ अँपिअर एवढीच वीज लागत असल्याने मूळ वायरिंगवर भार पडत नाही. इशाऱ्याच्या वायरवरही जोडाजवळच १ किंवा २ अँपिअरचा छोटा फ्यूज घालावा.

पार्किंगची वायर रंगावरून ओळखू नये, कारण गाडीगणिक रंग बदलतात आणि हात फिरलेल्या जुन्या गाडीत तर कशाचाच भरवसा नसतो. ही एक तपासणी करण्यापुरती बॅटरीची ऋण तार परत लावावी. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून सुई संशयित वायरवर टेकवावी. पार्किंग चालू केल्यावर पेटला, बंद केल्यावर विझला आणि हेडलाइट चालू असतानाही पेटलेला राहिला, तर ती वायर बरोबर. खूण करून ऋण तार पुन्हा काढावी.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच हवा. तो केबिनमध्ये बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहते. एलईडीसाठी ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. ५ वॅटचे साधे बल्ब असलेले पाच दिवे असतील तर एकूण २५ वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या थोडे वर, तेव्हा ५ अँपिअरचा घ्यावा. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणे किंवा तार गुंडाळणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. आपल्या गाड्या सुटा कापूस वाहतात. सरकीसकट वाळलेला कापूस एका ठिणगीने पेटतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. केबिनच्या मागेच असा माल भरलेला असताना वायर तापू देणे किती महागात पडेल, हे कुणाला समजावून सांगायला नको. फ्यूज उडाला, तर वायर कुठे घासली आहे ते शोधावे.

टपावरून खाली येणारी वायर समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून, तिथल्या मूळ वायरच्या जुडग्याला ठिकठिकाणी प्लास्टिकच्या टायने बांधत आणावी. इंजिनाकडे जाताना पत्र्याला नवीन भोक न पाडता तिथे आधीपासून असलेल्या रबरी बुचातूनच वायर ओवावी. इंजिनाच्या भागात वायरवर नालीदार नळी चढवावी आणि ती एक्झॉस्टपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून लांब ठेवावी. टपाच्या आत एक धन आणि एक ऋण अशा दोन मुख्य वायरी आडव्या टाकून प्रत्येक दिव्याला त्यांवरून फाटे द्यावेत. जोड थिंबलने घट्ट दाबून त्यावर हीट श्रिंक चढवावी. धन आणि ऋण यांचे जोड समोरासमोर न घेता पुढेमागे घ्यावेत. नुसती टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हात वर्षभरात चिकट होऊन सुटतो.

अर्थिंगसाठी टपाच्या पत्र्यावर स्क्रू मारू नये. ऋण वायर खाली आणून डॅशबोर्डच्या आतल्या एखाद्या मजबूत बोल्टला जोडावी. तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडावा, गोल थिंबल घट्ट कसावे आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडावी. दिवे मंद पेटणे, हॉर्न वाजवला की लुकलुकणे, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ सैल किंवा गंजलेल्या अर्थमध्ये असते.

दिवे टपावर कायमचे बसवण्याआधी बॅटरी जोडून सगळे एकदा पेटवून पाहावेत. एलईडीला धन-ऋण उलटे झाले तर तो पेटत नाही, तेवढ्याने सहसा बिघडतही नाही. वायरी बदलून पुन्हा पाहावे. दहा मिनिटे चालू ठेवून रिले, फ्यूज होल्डर आणि जोडांना हात लावून पाहावा. एवढ्या थोड्या विजेवर काहीही गरम लागता कामा नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. शेवटच्या दिव्यापाशी त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर एखादा जोड कच्चा आहे असे समजावे.

दिवे बसवणे आणि पाणी थांबवणे

रंग पूर्ण वाळला, की छिद्रात ग्रोमेट बसवावा आणि दिव्याची वायर त्यातून आत ओवावी. आतल्या बाजूला वायर वीतभर ढिली सोडावी आणि तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे चुकून थेंब आलाच तर तो झोळाच्या तळाशी थांबून टपकेल, वायरवरून ओघळत जोडापर्यंत जाणार नाही.

टपाचा तो भाग आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. पॉलिशचा किंवा तेलाचा जरासाही अंश राहिला, तर सीलंट वरवर चिकटल्यासारखे दिसते आणि सोलून निघते. दिव्यासोबतचे रबरी गॅस्केट वापरावे, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये. मुख्य छिद्राभोवती सीलंटचे एक अखंड कडे काढावे, प्रत्येक स्क्रूच्या छिद्राभोवती एकेक छोटे कडे काढावे आणि स्क्रूच्या आट्यांनाही थोडे लावावे. मग दिवा सरळ खाली ठेवून दाबावा. घासत जागेवर आणू नये, नाहीतर कडे तुटते. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. सीलंट कडेने सारखे बाहेर येऊ लागले, की थांबावे. पूर्ण ताकदीने आवळले तर सगळे सीलंट पिळून निघते आणि प्लास्टिकच्या बैठकीला तडा जातो. उरलेली शेवटची आवळणी दुसऱ्या दिवशी करावी.

दिव्याच्या बैठकीच्या बाहेरच्या कडेवरून सीलंटची शेवटची रेघ ओढताना उताराच्या वरची आणि बाजूंची कड बंद करावी आणि उताराकडची सर्वांत खालची कड अर्धा सेंटिमीटर मोकळी सोडावी. चारही बाजूंनी बंद केले, तर उष्णतेने बैठकीखाली जमलेल्या वाफेचे पाणी अडकून राहते. छिद्र स्वतःच्या कड्याने बंद असल्याने या फटीतून आत काही येत नाही, आणि आत साचलेले बाहेर निघून जाते.

न्यूट्रल सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन, दोन्ही हवेतल्या ओलाव्याने सुकतात. वरची साय पंधरा-वीस मिनिटांत धरते, पण आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पक्के होत जाते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला आणखी वेळ लागतो. म्हणून दोन दिवस गाडी धुऊ नये, खडबडीत रस्त्यावर नेऊ नये आणि लाइनिंगही वर लावू नये.

तिसऱ्या दिवशी पाण्याची परीक्षा घ्यावी. लाइनिंग अजून खालीच असताना प्रत्येक छिद्राखाली पत्र्याला आतून वर्तमानपत्राचा तुकडा टेपने चिकटवावा. सोबत्याने बाहेरून मोटरपंपाच्या पाइपने, आधी मंद आणि नंतर समोरून जोरात, निदान दहा मिनिटे पाणी सोडावे, कारण चालत्या गाडीवर पाऊस वरून पडत नाही, समोरून आदळतो. आपण आत टॉर्च घेऊन बसावे. बोटाला न जाणवणारी ओलही वर्तमानपत्रावर लगेच गडद ठिपक्यासारखी उठते. ठिपका दिसला, तर बाहेरून वर आणखी सीलंट थापून भागवू नये. दिवा काढावा, जुने सगळे खरवडावे, पुसावे आणि पहिल्यापासून लावावे. पूर्ण कोरडे निघाले, तरच लाइनिंग, व्हायझर आणि कडी परत बसवावी.

रात्री गाडी अंगणाबाहेर उभी करून शंभर पावले समोर चालत जावे आणि पाहावे. दिवे डोळ्यांना टोचता कामा नयेत. दोन शांत ठिपके आणि त्यांच्या खाली हेडलाइट, एवढेच दिसले पाहिजे. मागून येणाऱ्यासाठी हे दिवे काहीच करत नाहीत, म्हणून त्याच दिवशी परावर्तक पट्ट्याही तपासून घ्याव्यात: समोर पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. धुळीने माखलेली पट्टी नसल्यासारखीच असते.

पुढे दर महिन्याला गाडी धुताना दिव्यांची काच ओल्या फडक्याने पुसावी आणि बैठक हाताने हलवून पाहावी. कापूस उंच भरताना गाठोड्याचा किंवा ताडपत्रीचा दोर दिव्यावरून ओढला जात नाही, हे हमालांना आधीच सांगून ठेवावे. लाइनिंग बंद करताना वर्तमानपत्राचे ते तुकडे काढू नयेत. मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेला, की पुढच्या दोन क्लिपा काढून लाइनिंगचा कोपरा खाली ओढावा, आत टॉर्च मारावी आणि कागद कोरडा आहे का ते पाहावे.